सव्वाअकरा सेंटिमीटरचं विमान

माझ्या टेबलावर १:७२ मापाचं एस.ई.५ए आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ८.११ मीटर, माझ्या विमानाचा सव्वाअकरा सेंटिमीटर. दोन पंखांमधले टेकू या मापात प्लॅस्टिकचे केले, तर जाड दिसतात; तासून बारीक केले, तर वाकतात. म्हणून मी ते पितळी तारेचे करून डाख देतो. पण दुसरा सांधा तापवला, की शेजारचा सुटतो. शिसं-कथिलाचा माझा डाख १८३ अंशांनाच वितळतो. मग जुळलेल्या सांध्यावर ओला कागद ठेवायचा आणि श्वास रोखायचा.

कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय हेच विमान उडवायचा. जुलै १९१८ मध्ये, फ्रान्सच्या आकाशात, दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलैला तो पडला. वय १९.

त्याच्या पंखांमधले टेकू लाकडाचे होते. पंखही लाकडाचे, वर कापड, ताणायला तारा. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूट मिळत नसे.

‘दहा विजय’ मी अनेकदा वाचलं होतं. तिसऱ्यांदा सांधा सुटला, तेव्हा पहिल्यांदा त्या लाकडी टेकूंचा विचार केला. माझा सांधा सुटला, तर मी पुन्हा डाख देतो.