लाइम रीजिसच्या किनाऱ्यावरची पारख

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमध्ये लाइम रीजिस नावाचं गाव आहे. हिवाळी वादळात तिथले समुद्रकाठचे कडे ढासळतात आणि सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे थर उघडे पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गावकरी हवापालटाला आलेल्या पाहुण्यांना त्यातले दगड विकत. वेटोळ्या अमोनाइटला दगड झालेला साप म्हणत, बेलेम्नाइटच्या टोकदार कांडीला सैतानाचं बोट. (आपल्या देवघरांतल्या, गंडकीच्या पात्रातून येणाऱ्या अनेक शाळिग्रामांतही अमोनाइटच असतो.)

रिचर्ड अ‍ॅनिंग हा सुतारही असे दगड विकून संसाराला हातभार लावी. १८१० मध्ये तो वारला, मागे कर्ज राहिलं. पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाला, जोसेफला, एक लांबट कवटी सापडली. लोकांना ती मगरीची वाटली. बाकीचा सांगाडा धाकट्या बहिणीने, मेरीने, १८१२ मध्ये शोधून काढला. तो इक्थिओसॉर या नामशेष समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा होता आणि २३ पौंडांना विकला गेला.

मेरीला नशिबाने सांगाडे मिळत गेले, असं अनेकदा सांगितलं जातं. ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. शाळा तिला नावापुरतीच मिळाली होती. पण विद्वानांचे लेख ती हाताने उतरवून घेई, आकृत्यांसकट. जीवाश्मातला अवयव ओळखता यावा म्हणून आजचे मासे आणि माकूळ चिरून पाही. बेलेम्नाइटमध्ये तिला वाळलेल्या शाईची पिशवी आढळली, माकुळाला असते तशीच. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती शाई पाण्यात कालवून त्याच काळातल्या जीवाश्मांची चित्रं काढली!

किनाऱ्यावर गोळ्यांसारखे काही दगड मिळत. लोक त्यांना बेझोअर म्हणत. मेरीला ते इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी दिसले, आणि फोडल्यावर आत माशांची खवलं व हाडं निघाली. या निरीक्षणांच्या आधारे भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये ती विष्ठा असल्याचं मांडलं. त्या प्राण्यांचं जेवण काय होतं, हे त्यामुळे थेट कळू लागलं.

१८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. मान इतकी लांब, की पॅरिसचे शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांना बनवाबनवीची शंका आली. पुढे त्यांनी चूक मान्य केली. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत विल्यम कॉनीबेअर यांनी त्या सांगाड्याचं वर्णन सादर केलं, पण मेरीचं नाव घेतलं नाही. त्या संस्थेचं सदस्यत्व स्त्रियांना मिळायला १९१९ उजाडावं लागलं. मेरी १८४७ मध्येच, ४७ व्या वर्षी, कर्करोगाने गेली होती.

आज याच किनारपट्टीवर महत्त्वाचा जीवाश्म सापडला, तर तो शेजारच्या चारमथ गावातल्या केंद्रात नोंदवावा लागतो. मालकी मात्र शोधणाऱ्याकडेच राहते.