मागेल त्याला काम : विधिमंडळाने स्वतःवर घातलेले बंधन

शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता न्हावऱ्यावरून जातो. ऊस आणि घोडगंगा सहकारी साखर कारखाना ही या गावाची अलीकडची ओळख. परंतु शिरूर-दौंडचा हा पट्टा मुळात पर्जन्यछायेतला, अवर्षणाचा. अशा भागात १९७२च्या दुष्काळाचा विषय निघाला, की खडी फोडणे, पाझर तलाव आणि सुकडी हे शब्द ओघाने येतातच. त्या खडीच्या ढिगाऱ्यांमागे राज्याच्या विधिमंडळातून आकाराला आलेला एक विचार होता, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

दुष्काळी कामे महाराष्ट्राला नवी नव्हती. इंग्रजी अमदानीतील दुष्काळ संहितेनेही उपाशी माणसाला काम देऊ केले होते. मात्र दुष्काळ पडला आहे की नाही, हे सरकार ठरवी आणि त्यानंतरच काम निघे. म्हणजे काम हे सरकारचे औदार्य होते. हा क्रम उलटा करण्याचे श्रेय प्रामुख्याने वि. स. पागे यांना जाते. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने वादात उतरू नये, असा संकेत आहे. तरीही राज्याच्या इतिहासातील एका मोठ्या धोरणाची मूळ कल्पना त्याच आसनावरील गृहस्थांची असावी, हे लक्षणीय आहे. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग झाला. पुढे दुष्काळाने तिची निकड सिद्ध केली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. येथे एका घटक राज्याने तोच हक्क कायद्यात आणला. गावातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागावे, शासनाने ते पंधरा दिवसांत द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

पैशाची व्यवस्थाही विचार करण्याजोगी होती. १९७५च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच रक्कम सरकारने घालावी असे ठरले. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून कापलेला रुपया अशा रीतीने माळरानावरच्या मजुरापर्यंत पोहोचणार होता.

या योजनेत दोष नव्हते असे नाही. मापात गफलती झाल्या, हजेरीपटावर खोटी नावे चढली. १९८८ मध्ये किमान वेतन वाढल्यानंतर कामावरील उपस्थिती घटली आणि पुरेशी कामेच काढली जात नाहीत, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. हा आक्षेप मर्मावर बोट ठेवतो. कागदावर हक्क शाबूत ठेवून काम सुरूच न करणे, ही हमी मोडण्याची सर्वांत सोयीची रीत होय.

२००५ मध्ये संसदेने देशव्यापी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. विधिमंडळे नागरिकांवर बंधने घालणारे कायदे नेहमीच करतात. शासनालाच मजुराचे देणेकरी करणारा कायदा विरळा. त्याचे मोल मंजुरीच्या दिवशी ठरत नाही. कामाची मागणी घेऊन दारी आलेल्या माणसाला काय उत्तर मिळते, त्यावर ते ठरते.