मांसतापमापक, बिनतारी

निखाऱ्यांवर अथवा भट्टीत भाजल्या जाणाऱ्या मांसाच्या गाभ्याचे तापमान, झाकण न उघडता, दूर बसलेल्या माणसास कळविणारे उपकरण. त्याच्या पोलादी सळईत उष्णतेनुसार विद्युत्‌रोध बदलणारा संवेदक असून मापन रेडिओलहरींद्वारे, बहुधा ब्लूटूथने, मोबाइलवर उमटते. धातूच्या जाड झाकणाने मात्र संदेश क्षीण होतो.

यवतमाळ जिल्ह्यात गावरान कोंबडी चुलीवर रश्श्यात शिजविण्याचा शिरस्ता असल्याने, आणि उकळता रस्साच उष्णतेची हमी देत असल्याने, तेथे या साधनाची निकड फारशी भासत नाही. परंतु अखंड कोंबडी निखाऱ्यांवर भाजावयाची झाल्यास करपलेली कातडी आतील कच्चेपण झाकते आणि केवळ रंगावरून बांधलेला अदमास, कितीही सराईत हाताचा असला तरी, विश्वसनीय मानता येत नाही. सळई मांडीच्या जाड भागात, हाडास न टेकविता, खुपसावी व तेथे ७४° से. झाल्याची खातरजमा करावी. मटणाच्या अखंड तुकड्यास ६३° से. व नंतर तीन मिनिटांचा विसावा, तर खिम्यास ७१° से. आवश्यक. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा मांस सर्वत्र ७०° से.पर्यंत तापल्यास विषाणू नष्ट होतो, हीच ग्वाही महत्त्वाची होती.

उपकरणाची पारख बर्फमिश्रित पाण्यात (०° से.) करावी. उकळत्या पाण्याचा दाखला घ्यावयाचा तर सुमारे ४५० मी. उंचीवरील यवतमाळ शहरी पाणी सुमारे ९८.५° से.लाच उकळते, ती तफावत यंत्राचा दोष समजू नये.