एपवर्थची रेक्टरी

पीएच.डी. करत असताना एका रविवारी लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावची जुनी रेक्टरी पाहायला गेलो होतो. रेक्टर म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू. शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायची तेव्हा सक्ती होती आणि तो सगळा रेक्टरला मिळे (व्हिकारच्या वाट्याला त्यातला थोडाच येई). या रेक्टरचं राहतं घर ते रेक्टरी.

घर लाल विटांचं. मधोमध दार, दोन्हीकडे ओळीने खिडक्या, दोन मजले आणि वर माळा. राणी ऍनच्या काळातली (१७०२ ते १७१४) नीटनेटकी, फारसा नखरा नसलेली धाटणी. पण विटाच का, याचं उत्तर आधीच्या घरात आहे. १६०७ सालच्या नोंदीनुसार ते घर लाकूड आणि गिलाव्याचं होतं, वर गवताचं छप्पर. आमच्या भाषेत सांगायचं तर रचून ठेवलेलं सरपणच!

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री ते पेटलं. रेक्टर सॅम्युएल वेस्ली, गरोदर पत्नी सुझॅना आणि मुलं बाहेर पडली, पण पाच वर्षांचा जॉन वर अडकला. जिना जळत होता. पोरगा पेटीवर चढून खिडकीशी आला. शिडी आणायला वेळ नव्हता, म्हणून एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने जॉनला ओढून घेतलं. तेवढ्यात छप्पर कोसळलं. आतल्या बाजूला कोसळलं म्हणून खालचे सगळे वाचले. हाच जॉन पुढे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक झाला.

सॅम्युएलने नवं घर विटांचं बांधलं. खर्च सुमारे ४०० पौंड. हा गृहस्थ १७०५ साली कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात जाऊन आलेला! आगीनंतर तेरा वर्षांनीही घरात निम्मंसुद्धा सामान नाही, असं सुझॅनाने भावाला कळवलं होतं. पण १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा लंडनला असताना याच घरात तिने रविवारच्या प्रार्थना चालवल्या. दोनशेवर माणसं जमायची.

मला चटका लावून गेली ती शेवटची गोष्ट. रेक्टरी धर्मगुरूच्या मालकीची नसते, पदाबरोबर मिळते आणि पदाबरोबर जाते. म्हातारपणी सॅम्युएलने ऑक्सफर्डला असलेल्या जॉनला विनवलं, की माझी जागा तू घे, म्हणजे तुझ्या आईचं घर राहील. जॉनने १७३४ साली लांबलचक पत्र लिहून, मुद्दे मांडून नकार दिला. पुढे त्याने अर्ध्या मनाने प्रयत्न केला, पण जमलं नाही. १७३५ मध्ये सॅम्युएल गेला आणि सुझॅना घर सोडून मुलांकडे राहायला गेली.

घरापासून हजारो मैलांवर संशोधन करणाऱ्या मला जॉनला दोष देता येईना. बाजूही घेता येईना.

१९५० च्या दशकात मेथडिस्टांनी ही वास्तू विकत घेऊन दुरुस्त केली. आता तिथे संग्रहालय आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरात बराच वेळ रेंगाळलो, आणि परतल्यावर आधी घरी फोन लावला.