विगर्सचा शिंजीर: एका नोंदीचा इतिहास

फुलांतील मध आणि बारीक कीटक खाऊन जगणाऱ्या, बाकदार चोचीच्या चिमुकल्या पक्ष्यांना मराठीत शिंजीर किंवा सूर्यपक्षी म्हणतात. त्यांपैकी विगर्सचा शिंजीर फक्त पश्चिम घाटात, दक्षिण गुजरातच्या डोंगरांपासून निलगिरीपर्यंत आढळतो. म्हणजेच तो या पर्वतरांगेचा प्रदेशनिष्ठ पक्षी आहे. नराची पाठ व छाती गर्द तांबडी असते, तर मादी फिकट हिरवट रंगाची असल्याने पानांत सहसा नजरेत भरत नाही.

शास्त्राच्या दप्तरी या पक्ष्याची पहिली नोंद १८३२ सालची आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर नव्या मुलखाची लोकसंख्या, शेती आणि हवामान यांची माहिती गोळा करण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. या कामानिमित्त दख्खनभर हिंडताना त्याने पशुपक्ष्यांचे नमुनेही जमवले आणि त्यांतून तयार झालेली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात प्रसिद्ध केली. संस्थेचे पहिले सचिव निकोलस विगर्स यांच्या सन्मानार्थ साइक्सने या शिंजिराला ‘विगर्सी’ हे नाव दिले. त्याच यादीतील एका रानकबुतराला मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव मिळाले, यावरून त्या काळी पक्ष्यांची नावे कोणत्या वर्तुळात ठरत असत हे स्पष्ट होते. घाटातील रानात राहणाऱ्यांनी मात्र हा तांबडा पक्षी त्याआधी कित्येक पिढ्या पाहिलेला असणार; त्यामुळे १८३२ हे वर्ष पक्षी प्रथम दिसल्याचे नसून तो प्रथम लिहिला गेल्याचे आहे.

पण एकदा लिहिले गेल्याने ओळख पक्की झाली नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या लाल शिंजिराशी असलेल्या साम्यामुळे पुढे विसाव्या शतकात बराच काळ विगर्सच्या शिंजिराला त्याचीच उपजाती, म्हणजे एकाच जातीचा प्रादेशिक प्रकार, मानले गेले. २००५ मध्ये पामेला रॅसमुसेन आणि जॉन अँडरटन यांनी दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथात त्याला पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. मोठा आकार आणि नराच्या तांबड्या छातीवरील पिवळ्या रेघा ही त्याची वेगळेपणाची लक्षणे होत. प्राधान्याच्या नियमानुसार, म्हणजे सर्वांत आधी रीतसर प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरण्याच्या संकेतानुसार, नव्या नावाची गरज पडली नाही आणि साइक्सचे ‘विगर्सी’ हेच नाव कायम राहिले.

या इतिहासाचे महत्त्व केवळ नावापुरते नाही. दूरवर पसरलेल्या जातीची एक शाखा समजला गेलेला पक्षी एका डोंगररांगेतून नाहीसा झाला, तरी जात उरते. पण ज्याचे सारे अस्तित्व सह्याद्रीच्या रानात सामावले आहे, त्याला त्या रानाबाहेर दुसरा आसरा नाही. म्हणूनच घाटातील फुलणारी झाडे आणि त्यांवरची बांडगुळे टिकवणे हा या ओळखीला दिलेला खरा मान ठरेल.