गोबरगॅस : चूलही पेटते, खतही उरते

गोवऱ्या थापून चुलीत जाळण्याची पद्धत फुकटची वाटते. प्रत्यक्षात ती महागडी आहे. पारंपरिक चुलीत गोवरीच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यापर्यंत पोहोचतो. शेताचे खत जळून जाते आणि धूर गृहिणीच्या व तिच्याजवळ बसलेल्या मुलांच्या छातीत जातो. तेच शेण बायोगॅस संयंत्रात घातले तर उपयुक्त उष्णता दुपटीहून अधिक मिळते आणि खतही शिल्लक राहते.

शेण व पाणी समप्रमाणात कालवून हवाबंद टाकीत सोडले की प्राणवायूविना जगणारे जीवाणू ते कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत साधारणतः ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साईड. २५ किलो ताज्या शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. उष्णतेच्या हिशेबात तो साडेचारशे ग्रॅम एलपीजीच्या आसपास भरतो. चार-पाच जणांच्या कुटुंबाला दोन घनमीटरचे संयंत्र पुरते, पण त्यासाठी गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. ज्योत निळी असते आणि भांड्यांना काजळी धरत नाही. मात्र एलपीजीची शेगडी जशीच्या तशी चालत नाही. मोठ्या छिद्राचा बर्नर लागतो. बाहेर पडणारी स्लरी थेट शेतात वापरता येते.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात जशभाई पटेल यांच्या तरंगत्या टाकीच्या आराखड्याचा प्रसार केला. १९८४ मध्ये स्वस्त, घुमटाकार ‘दीनबंधू’ संयंत्र आले. तरीही अनेक गावांत बंद पडलेल्या टाक्या दिसतात. दोष तंत्राचा कमी, व्यवस्थेचा अधिक. अनुदान बांधकामासाठी मिळाले; गंजलेली टाकी दुरुस्त कोणी करायची, याचा विचार झाला नाही. जनावरे विकली गेली की संयंत्र उपाशी राहते. दुष्काळी भागात माणसांनाच पाणी पुरत नाही, तिथे शेण कालवायला ते कोठून आणणार?

ज्यांच्याकडे गोठाच नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रातच दोन वाटा शोधल्या गेल्या. देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या संयंत्रांचा प्रसार केला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुण्यातील ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र विकसित केले. प्लास्टिकच्या एका टाकीत दुसरी उपडी बसवायची, एवढीच त्याची रचना. त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शिळा भात, पीठ, खराब झालेली फळे यांत पिष्ट व साखर भरपूर असल्याने वायू लवकर तयार होतो.

शहरी घराचा संपूर्ण स्वयंपाक केवळ घरच्या खरकट्यावर होईल, ही अपेक्षा मात्र बाळगू नये. सिलिंडर अधिक दिवस पुरतो, इतकेच. आरंभी शेणाचे विरजण लावावे लागते. हाडे, अंड्यांची कवचे, नारळाच्या करवंट्या टाकू नयेत. थंडीत वायू कमी मिळतो. एकदम जास्त खरकटे घातल्यास टाकीत आम्लता वाढून ज्योत धरत नाही; अशा वेळी काही दिवस भरणा थांबवावा.