जर्मनचा डबा

लहानपणी आमच्या घरी अल्युमिनियमच्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणत. जर्मनच्या पातेल्यात आमटी ठेवायची नाही, चिंचेने काळं पडतं, अशी आजीची सक्त ताकीद. त्या पातेल्याचा आणि जर्मनी नावाच्या देशाचा काय संबंध, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. पुढे पीएच.डी.च्या निमित्ताने जर्मनीत आलो आणि एका रविवारी बर्लिनच्या जुन्या बाजारात अस्सल जर्मनीत बनलेलं 'जर्मनचं' भांडं हातात आलं, तेव्हा आजीची आठवण झाली.

ते भांडं म्हणजे सैनिकाचा जेवणाचा डबा. इथे त्याला कोखगेशिर म्हणतात. वरून पाहिलं तर राजम्याच्या दाण्यासारखा आकार, म्हणजे पाठपिशवीला किंवा कमरेशी बांधला की टोचत नाही. खाली पावणेदोन लिटरच्या आसपासचं भांडं, त्याला तारेची कडी. वरचं खोलगट झाकण म्हणजे ताटली, वेळप्रसंगी तवासुद्धा. त्याला घडीची मूठ. विक्रेता म्हणाला, "दुसरं महायुद्ध, बारा युरो." मी घेतला. तेव्हापासून असे नऊ डबे घरात जमलेत. (बायकोच्या मते आठ जास्त.)

डबा हाती आला की पहिला प्रश्न, हा कुठल्या सालचा? माझा पोटापाण्याचा उद्योगच धातूंशी संबंधित असल्यामुळे मी खिशात एक लोहचुंबक ठेवतो. तो चिकटला नाही तर अल्युमिनियम, चिकटला तर पोलाद. मग झाकणाच्या मुठीवर आणि कडी अडकवायच्या कानांवर ठसा शोधायचा. तिथे कारखान्याची आद्याक्षरं आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. युद्ध सुरू झाल्यावर पुढे कारखान्याचं नाव लपवणारी सांकेतिक अक्षरं किंवा लांबलचक क्रमांक येऊ लागले. म्हणजे ठशात काय आहे इतकंच नाही, काय लपवलंय यावरूनही काळ कळतो.

माझ्या पहिल्या डब्याचं झाकण ३९ सालचं निघालं आणि भांडं ४२चं. मी हिरमुसलो. संग्राहकांच्या भाषेत हा 'लावलेला जोड', किंमत निम्मी. पण जरा विचार केला. दोनशे माणसं जेवणाच्या रांगेत उभी, डबे धुवायला एकच ओढा, अंधारात घाईघाईने आवराआवर... झाकणं बदलणारच! सगळे आकडे तंतोतंत जुळणारा डबा पाहिला की हल्ली मलाच शंका येते.

नकली मालही भरपूर. १९५५ साली पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य उभं राहिलं, १९५६ साली पूर्वेचं. दोघांनीही राजम्याचा आकार सोडला नाही. सोविएत आणि जपानी सैन्याचे डबेही दिसायला याच घाटाचे. त्यावर जुना ठसा मारला की भाव चौपट. ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. कारखान्यात आधी ठसा, मग रंग. त्यामुळे खऱ्या ठशाच्या खाचेत जुना रंग बसलेला असतो. नंतर मारलेल्या ठशात रंग फाटून उघडा धातू चमकतो. भिंग घेऊन बघा, दोन मिनिटांचं काम.

पण मला खरी गोडी लागली ती धातूमुळे. अल्युमिनियम बॉक्साइटपासून बनतं, आणि बॉक्साइट हे नावच मुळी फ्रान्समधल्या ले बो या गावावरून आलंय. जर्मनीत ते फारसं नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधीचे सैनिकी डबे अल्युमिनियमचे होते; युद्ध पेटलं, बाहेरून येणारा माल आटला आणि १९१५ साली पोलादावर इनॅमल चढवलेले डबे आले. सरकारने धडा घेतला. १९१७ साली अल्युमिनियमची सरकारी कंपनी निघाली आणि १९३८पर्यंत हा देश जगातला सर्वांत मोठा अल्युमिनियम उत्पादक झाला. १९३१चा नवा डबा अर्थातच अल्युमिनियमचा. आणि तरीही युद्धाच्या उत्तरार्धात तो पुन्हा इनॅमलच्या पोलादावर आला! कारण सगळं अल्युमिनियम विमानांना हवं होतं. हे एकट्या जर्मनीचं नाही. ब्रिटनमध्ये जुलै १९४०मध्ये सरकारने गृहिणींकडून अल्युमिनियमची पातेली मागितली, तीही विमानांसाठीच. अमेरिकेनेही १९४२च्या सुमारास आपल्या सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्या पोलादाच्या केल्या. युद्ध कसं चाललंय हे सैनिकाला रेडिओवर कळलं नसेल, पण डब्याच्या वजनावरून कळत असणार.

आता नावांबद्दल. डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून पुष्कळ सैनिक खिळ्याने किंवा चाकूच्या टोकाने झाकणावर नाव कोरत. अल्युमिनियमवर हे जमतं. इनॅमलवर टवका उडतो आणि तिथेच गंज धरतो.

या कोरलेल्या नावांचं महत्त्व मला उशिरा कळलं. जर्मन सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर त्याचं नाव नसे, फक्त तुकडी आणि क्रमांक. माणूस मेला की बिल्ला मधोमध मोडायचा, अर्धा भाग प्रेताबरोबर राहायचा. कोणता क्रमांक कोणाचा याच्या याद्या १९३९ साली स्थापन झालेल्या बर्लिनच्या एका कचेरीत होत्या. २०१९पासून ते दप्तर केंद्रीय अभिलेखागाराकडे आहे. बिल्ला नसेल, तर हाडांशेजारचा नाव कोरलेला डबा हा मोठाच धागा.

बर्लिनच्या दक्षिणेला हाल्ब नावाचं गाव आहे. एप्रिल १९४५च्या अखेरीस तिथल्या पाइनच्या जंगलात जर्मन नववी सेना वेढ्यात सापडली. गावच्या दफनभूमीत वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, त्यातल्या हजारोंच्या दगडावर 'अज्ञात' एवढंच लिहिलंय. जंगलात अजून सांगाडे सापडतात. ते कोणत्या सैन्याचे होते आणि त्या सैन्याने काय काय केलं हे मला माहीत आहे, ते विसरून हा छंद करता येत नाही. पण घरी वाट पाहणारी आई कोणत्याही सैन्यात नसते.

परवानगीशिवाय डिटेक्टर घेऊन तिथे शोधाशोध करायला कायद्याने बंदी आहे. तरी लोक रात्री जातात.

गेल्या शरद ऋतूत बाजारात एका टेबलावर तसला डबा दिसला. अल्युमिनियम, तळाला पांढरी भुकटी धरलेली, कड खाऊन गेलेली, खाचेत वाळू. म्हणजे जमिनीतून काढलेला. झाकणावर आडनाव आणि त्याआधी एक आद्याक्षर, स्पष्ट वाचता येत होतं.

"कुठे मिळाला?"

"जंगलात."

"कोणत्या?"

त्याने खांदे उडवले. मी पुन्हा विचारलं, बरोबर आणखी काही होतं का. तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळला. जागा गेली म्हणजे धागा तुटला. नुसत्या आडनावाची माणसं या देशात हजारो असतील. मी झाकण उलटंपालटं करून खाली ठेवलं. चुंबक खिशातून काढलाच नाही.

निघताना त्याने किंमत सांगितली, तीस युरो. बिननावाचा असता तर वीसला दिला असता म्हणाला.